पाण्याने मठारलेला शाफ्ट

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला बांधलेले असतात आणि आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम याच ६१ दिवसांत येतं. गोव्यातल्या मालीमच्या जेटीवरून टेम्पोत पडून बोटींचे शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारे दांडे, आमच्याकडे डिचोलीला येतात. काही झिजलेले, काही वाकलेले, एखाददुसरा मोडलेला. मोडलेला शाफ्ट मी आधी स्वच्छ धुते आणि त्याचं तुटलेलं तोंड दिव्याखाली धरून बघते. खायच्या तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात तशा एकापुढे एक वक्र रेषा तिथे दिसल्या, की समजायचं हा शाफ्ट एका फटक्यात मोडलेला नाही. रोज थोडाथोडा चिरत गेला आणि शेवटी उरलेलं लोखंड भार पेलेना. रेषांचा माग काढत मागे गेलं की सुरुवात जवळजवळ दर वेळी पृष्ठभागावर सापडते: पंखा घट्ट बसवणाऱ्या चावीच्या खाचेच्या टोकाला, नाहीतर व्यास बदलतो त्या पायरीच्या कोपऱ्यात.

तो कोपरा पाण्याखालच्या पाण्याच्या झोताने कसा घट्ट करायचा, ते मी इथे लिहिते आहे. ज्यांच्याकडे लेथ आहे, गाड्या धुवायचा मोठा प्रेशर पंप मिळवता येतो आणि दोन-तीन आठवडे नुसत्या चाचण्यांत घालवायची तयारी आहे, त्यांना हे जमेल. चाचण्यांचा कंटाळा असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. हाच झोत धातू घट्ट करतो आणि हाच झोत धातू खातो. दोन्हींत फरक असतो तो अंतराचा आणि वेळेचा.

आमच्या घरी तांब्याची घागर मठारून घेत. तांबट हातोडीने सगळ्या अंगावर ठोके घालायचा आणि मऊ तांबं ताठ व्हायचं. बाबांनी लेथ घेतला तेव्हा बार्जेसचं काम भरपूर होतं. वाकलेली पट्टी बॉल पीन हातोडीने ठोकून ताठ करताना मी त्यांना लहानपणी पाहिलं आहे. पीनिंग म्हणजे हेच मठारकाम. वरचा थर ठोक्यांनी चपटा होतो आणि त्याला पसरायचं असतं, पण खालचा धातू त्याला पसरू देत नाही. त्यामुळे वरचा थर कायमचा चेपलेल्या अवस्थेत अडकून राहतो. चीर उघडायला ओढ लागते, आणि इथे आधीच दाब भरून ठेवलेला असतो. ओढीने आधी तो दाब फेडायचा, मगच चीर सुरू व्हायची.

कारखान्यांत हे काम बहुतेक ठिकाणी पोलादी छर्रे मारून करतात. त्याचा दाब खोलवर जातो, पण पृष्ठभाग खडबडीत होतो आणि अरुंद कोपऱ्यात छर्रा नीट पोचत नाही. पाण्याच्या पद्धतीत छर्रे नाहीतच. ठोके बुडबुडे घालतात.

बुडबुडे कुठून येतात ते कळल्याशिवाय यंत्र बनवू नका, कारण पुढची प्रत्येक चूक तिथूनच निघते. पाणी बारीक छिद्रातून जोरात ढकललं की त्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब उतरतो. दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली गेला की पाणी न तापवताच उकळतं आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. झोत पुढे जाऊन मंदावतो, भोवतालचा दाब परत येतो आणि बुडबुडे मिटतात. धातूला लागून मिटणारा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. एका बाजूने आत कोसळतो आणि त्यातून सुईसारखी पाण्याची धार धातूवर आपटते, सोबत धक्कालहर असते. बुडबुडा मिटताना केवढा दाब तयार होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. त्या वेळी चिंता नुकसानीची होती, जहाजांचे पंखे खाल्ले जात होते. हेच ठोके मोजून-मापून वापरले तर धातू घट्ट होतो, हे जपानमध्ये तोहोकू विद्यापीठातल्या हितोशी सोयामा यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं. तिथल्या अणुभट्ट्यांच्या आतल्या भागांना ताणामुळे गंजून चिरा जाऊ नयेत म्हणूनही पाण्याच्या झोताचं पीनिंग वापरलं गेलं आहे. भट्टीचा तो भाग पाण्यात बुडलेलाच असतो, आत छर्रे सांडून चालत नाहीत. पाण्यात पाणीच मारायचं, हे तिथे फार सोयीचं पडलं.

आता यंत्र. आमचा पंप २०० बार दाबाचा आणि मिनिटाला १५ लिटरचा आहे, तीन फेजवर चालणारा. २०० बार म्हणजे २० मेगापास्कल. या दाबाने पाणी सेकंदाला साधारण २०० मीटर वेगाने सुटतं. नोझलचं छिद्र १.२ मिलिमीटर ठेवलं, म्हणजे मिनिटाला ११ लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि पंपाकडे थोडी शिल्लक राहते. उरलेलं पाणी अनलोडर झडपेतून परत टाकीत जातं. पंपासोबत येणारी हातातली बंदूक काढून टाका. नोझल घट्ट चौकटीत बसवा आणि पाणी पायाच्या झडपेने चालू-बंद करा, पाय उचलला की दाब सुटला पाहिजे. होज दुप्पट दाबाचा घ्या. इथे पैसे वाचवू नका.

गाडी धुवायचं नोझल इथे चालत नाही. ते हवेत पाणी पसरवायला बनवलेलं असतं. आपल्याला पाण्याखाली बुडबुड्यांचा ढग हवा. आम्ही ३१६ स्टेनलेसच्या सळीतून नोझल बनवतो: छिद्र १.२, छिद्राची सरळ लांबी त्याच्या तिप्पट म्हणजे ३.६, आणि पुढे एकदम उघडणारा रुंद भाग, व्यास आठपट आणि खोली आठपट, म्हणजे ९.६ बाय ९.६ मिलिमीटर. पुढे असा रुंद गाळा दिला की झोताभोवती भोवरे नीट तयार होतात आणि ढग दाट होतो. छिद्राची बाहेरची कड धारदार राहू द्या, तिथे पॉलिश पेपर फिरवायचा मोह आवरा. छिद्र आणि रुंद भाग एकाच सेटिंगमध्ये काढा. जॉब चकमधून काढून उलटा धरला की दोन्हींची मध्यरेषा चुकते आणि ढग एका अंगाला झुकतो. हे नोझल स्वतःही झिजतं. दर चार तासांनी १.२ च्या ड्रिलची दांडी आत घालून बघायची. ती सैल बसली की नोझल भंगारात.

टाकी जाड पत्र्याची हवी आणि झोताच्या समोरच्या भिंतीवर बळी द्यायला ६ मिलिमीटरची स्टेनलेसची प्लेट. ती लावली नाही तर जॉब सरकवल्यावर झोत टाकीच खायला लागतो. नोझल पाण्याच्या पृष्ठभागाखाली किमान ३० सेंटिमीटर ठेवा. वर भोवरा पडून हवा आत ओढली जात असेल तर आणखी खाली न्या, किंवा पाण्यावर फळी तरंगती ठेवा. हवेचे बुडबुडे वाफेच्या बुडबुड्यांसारखे मिटत नाहीत, उलट ठोक्याला उशीसारखे आडवे येतात. त्याच कारणाने नळातून नुकतं भरलेलं पाणी लगेच वापरू नका. त्यात हवा विरघळलेली असते. रात्रभर राहू द्या आणि सकाळी अर्धा तास जॉबशिवाय फिरवा.

पाणी कुठलं, हा प्रश्न आमच्या भागात महत्त्वाचा आहे. विहिरीच्या पाण्यात जांभ्याची लाल माती येते, आणि ती पंपाचे सील आणि नोझलचं छिद्र दोन्ही खाते. आम्ही पाणी आधी कापडी पिशवीतून आणि मग १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून सोडतो. खाडीचं पाणी कधीच नको. त्यातल्या मिठाने स्टेनलेसला सुद्धा बारीक खड्डे पडतात, आणि खड्डा म्हणजे चिरेला आमंत्रण.

तापमानाकडे लक्ष द्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं, हे मी चुकत शिकले. पंपाची सगळी ताकद शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. २० मेगापास्कल आणि ११ लिटर म्हणजे साडेतीन किलोवॉटहून जास्त. टाकीत २०० लिटरच पाणी असेल तर ५० मिनिटांत ते १३ अंशांनी तापतं. बाष्पदाब २० अंशांना २.३ किलोपास्कल असतो, ३० ला ४.२ आणि ४० ला ७.४. म्हणजे सकाळी आणि दुपारी तुम्ही दोन वेगळ्या झोतांनी काम करत असता, आणि सकाळी काढलेली वेळ दुपारी लागू पडत नाही. आम्ही शेजारी ५०० लिटरची दुसरी टाकी जोडली. सगळं मिळून ७०० लिटर पाणी फिरतं आणि तेवढ्याच वेळात ते जेमतेम ४ अंश चढतं. टाकीत थर्मामीटर लटकवलेला आहे, आणि चाचणीच्या दिवशी जे तापमान होतं त्याच्या दोन-तीन अंशांच्या आतच खरा जॉब करतो. मे महिन्यात त्यासाठी पहाटे पाचला यावं लागलं तरी यायचं.

यंत्र उभं राहिलं की पहिलं काम अंतर शोधायचं. ३ मिलिमीटर जाडीचा शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, त्याचे तळहाताएवढे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा नोझलपासून वेगळ्या अंतरावर एकेक मिनिट धरा: १०, २०, ३० असं करत १५० मिलिमीटरपर्यंत. धरा म्हणजे क्लॅम्पमध्ये धरा, हात पाण्यात नाही. मग तुकडे ओळीने मांडून तिरप्या उजेडात बघा. जवळच्या तुकड्यांवर मधोमध एक खोल खळगा दिसेल. तो सरळ पाण्याच्या धारेचा मार आहे, तो आपल्याला नको. पुढे खळगा मरतो, दोन-चार तुकड्यांवर विशेष काहीच दिसत नाही, आणि आणखी पुढे एक धुरकट, बारीक टाचणीच्या टोकांनी टोचल्यासारखी गोल कडी उमटायला लागते. ते बुडबुड्यांचं काम. ही कडी सर्वांत ठळक जिथे दिसते ते तुमचं अंतर. आमच्या नोझलला ते ९५ मिलिमीटर निघालं. तुम्ही ९५ धरून चालू नका. नोझलच्या व्यासातला, दाबातला, टाकीच्या खोलीतला फरक ते अंतर हलवतो.

पुष्कळ जण हा पहिला खळगा पाहून खूश होतात आणि तिथेच थांबतात. मार जोराचा दिसतो ना! पण त्या जागी छर्ऱ्यांशिवायचं छर्ऱ्यांचं काम होतं, पृष्ठभाग फाटतो आणि फायदा थोडा. पुढे सरकत राहायचा धीर धरा.

नंतर वेळ. छर्ऱ्यांच्या पीनिंगमध्ये वापरतात त्या आल्मेन पट्ट्या विकत मिळतात: ७६ बाय १९ मिलिमीटरच्या, कडक स्प्रिंग पोलादाच्या. त्यातली ०.७९ मिलिमीटर जाडीची एन पट्टी घ्या, आपल्या झोताला तीच बरी. पट्टी चार स्क्रूंनी सपाट ठोकळ्यावर आवळायची, झोताखालून ठरावीक गतीने न्यायची आणि सोडवायची. एका अंगाने मठारल्यामुळे ती धनुष्यासारखी वाकते, झोताकडचं अंग फुगतं. किती वाकली ते डायल गेजने मोजा. मग नवी पट्टी, दुप्पट वेळ. पुन्हा नवी, पुन्हा दुप्पट. सुरुवातीला वाक झपाट्याने वाढतो, मग मंदावतो. ज्या वेळेनंतर वेळ दुप्पट करूनही वाक १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही, तिथे पट्टी भरली. आमच्याकडे हा आकडा एका मिलिमीटर लांबीला १२ सेकंद आला.

एवढ्यावर जॉब लावू नका. आल्मेन पट्टी झोताबद्दल सांगते, तुमच्या धातूबद्दल नाही. ज्या धातूचा जॉब आहे त्याच सळीचा एक तुकडा कापा, शाफ्टसारखाच फिनिश करा, वाळवून सोनाराच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत तोला. त्याला १२ सेकंद दराने मार द्या, वाळवा, तोला. वजन तेच असलं पाहिजे. मग त्याच तुकड्याला आणखी आणि आणखी मार देत जा, वजन घटायला लागेपर्यंत. सुरुवातीच्या काळात बुडबुडे धातू फक्त चेपतात, काढून नेत नाहीत. तो काळ संपला की खाणं सुरू होतं. तुमची कामाची वेळ त्या सीमेच्या बरीच अलीकडे असायला हवी. मी निम्म्याच्या पुढे जात नाही.

सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या पंपाला गनमेटलची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची, स्लीव्ह होती, शाफ्टवर चढवलेली नळी. शाफ्ट ३१६ चा होता, त्याची वेळ माझ्याकडे वहीत पक्की होती. स्लीव्हचा तुकडा तोलायचा राहिला आणि मी शाफ्टची वेळच तिलाही लावली. बाहेर काढली तेव्हा तिच्यावर साखर सांडल्यासारखा पृष्ठभाग होता आणि नखाला खड्डे लागत होते. सील तिथेच बसायचं होतं. मी नवी स्लीव्ह करून दिली आणि त्या दिवसापासून वहीत प्रत्येक धातूला वेगळं पान आहे. बीडाच्या जॉबला पान नाही, कारण बीड मी घेत नाही. त्यात ग्राफाइटच्या चकत्या असतात, तो चेपण्याआधी तुटून निघतो.

आता खरा शाफ्ट. ४० मिलिमीटर व्यासाचा धरू, आणि पायरीच्या कोपऱ्याभोवतीचा २० मिलिमीटरचा पट्टा घट्ट करायचा आहे. वाकलेला असेल तर आधी सरळ करा, वेल्ड असेल तर आधी करा, ग्राइंडिंग आधी करा. पीनिंग सगळ्यात शेवटी. नंतर तापवलं किंवा पुन्हा प्रेसखाली सरळ केलं तर भरलेला दाब निघून जातो, आणि ग्राइंडिंग केलं तर तो थरच निघून जातो. हा थर मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असतो, हे मनात पक्कं ठेवा. म्हणून रंग टाकून चिरांची तपासणी आधी करायची: लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा आणि लाल रेघ उमटते का बघायची. रेघ उमटली तर तो शाफ्ट पीनिंगचा नाही. आधीपासून असलेली चीर किंवा गंजाचा खोल खड्डा या थराच्या खाली गेलेला असतो आणि तो पाण्याने बरा होत नाही. मालकाला हे तोंडावर सांगावं लागतं. तांडेल आणि खलाशी त्याच बोटीवर समुद्रात जाणार असतात.

हिशेब असा. पट्टीवर झोताची वाट साधारण १० मिलिमीटर रुंद होती आणि १ मिलिमीटर लांबीला १२ सेकंद लागले, म्हणजे एका चौरस मिलिमीटरला १.२ सेकंद. ४० च्या शाफ्टचा घेर १२६ मिलिमीटर, म्हणजे शाफ्टच्या १ मिलिमीटर लांबीला १५० सेकंद. २० मिलिमीटरला ३००० सेकंद, ५० मिनिटं. हे एका दमात करू नका. शाफ्ट गिअर मोटरवर मिनिटाला १२ फेऱ्यांनी फिरू द्या आणि नोझल मिनिटाला ४ मिलिमीटरने पुढे न्या, म्हणजे एक खेप पाच मिनिटांची. अशा दहा खेपा, पाच डावीकडून आणि पाच उजवीकडून. प्रत्येक खेपेनंतर पाय उचला, दिवा लावून बघा. पहिल्या एक-दोन खेपांनंतर चकाकी एकसारखी मंदावते, हलका राखाडी रंग येतो. हा रंग पट्टाभर सारखा असावा. एका बाजूला गडद असेल तर शाफ्ट फिरताना झुलतो आहे. बेअरिंग आणि सील बसतात त्या जागांवर आधीच जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळून ठेवा.

कानाने पण काम करा. नीट चाललेला झोत तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा अखंड वाजतो. आवाज घोगरा झाला तर हवा शिरली आहे, मधेच तुटायला लागला तर पंपाला पाणी कमी पडतं आहे. पण हे ऐकायचं ते कानावर इअरमफ चढवूनच. तो आवाज मफमधूनही पोचतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात पण निक्षून. दाब असताना हात पाण्यात घालायचा नाही, झाकण उघडायचं नाही. २०० बारची धार कातडीत शिरली तर बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत पाणी, घाण बोटभर पसरलेली असते. दुखत नाही म्हणून थांबू नका. ताबडतोब इस्पितळात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जास्त दाबाचं पाणी आत घुसलं आहे. अशा जखमेला बऱ्याचदा तातडीने शस्त्रक्रिया लागते. मोटरला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, पाणी आणि तीन फेज एकाच खोलीत आहेत.

काम नीट झालं याची खरी खात्री क्ष-किरणांनी होते. स्फटिकांतल्या अणूंच्या थरांमधलं अंतर किती बदललं ते मोजून पृष्ठभागावरचा ताण काढता येतो. ते यंत्र वर्कशॉपमध्ये असत नाही. दर हंगामाला एकदा त्याच धातूचा, त्याच दिवशी मारलेला एक तुकडा अशी सोय असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा आणि आकड्याच्या आधी उणे चिन्ह आहे ना ते बघा. उणे म्हणजे दाब. रोजच्या कामाला मात्र दर जॉबसोबत एक आल्मेन पट्टी पुरे. तिचा वाक ठरल्याप्रमाणे आला नाही तर जॉब बाहेर जात नाही.

शाफ्ट पाण्यातून काढल्यावर साध्या पोलादाचा असेल तर पावसाळ्यात पाच मिनिटांत तांबूस व्हायला लागतो. कोरड्या हवेचा फवारा, लगेच गंजरोधक तेल, मग जाड कागद. ३१६ असला तरी तेल लावते, वाटेत मिठाचे हात लागतात. प्रत्येक शाफ्टला तारेने पत्र्याची पट्टी बांधते. तिच्यावर धातू, व्यास, पट्टा कुठून कुठे, किती खेपा, पाण्याचं तापमान आणि तारीख पंचने ठोकलेली असते. पट्टीच्या मागच्या बाजूला तीन ओळी: पीनिंग केलेल्या पट्ट्यावर वेल्ड करू नये. तापवून सरळ करू नये. शाफ्टऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा अ‍ॅनोड दर हंगामाला बदलावा.